‘फुल हार्ड’ म्हणजे रेसिंग सेटिंग? कोणी सांगितलं?

काल रात्री अकराला भाच्याचा फोन. "मामा, गाडी पुढून उड्या मारतेय, रॅम्पवर लेनच सोडायला लागली, शॉक डिफेक्टिव्ह आलेत का?" शॉक, म्हणजे शॉकअप, ठणठणीत होते. डिफेक्टिव्ह होता तो दाजींनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड, ‘जुन्या स्पोर्ट्स कारला अ‍ॅडजस्टेबल शॉक लावताय? मेकॅनिक कधीच सांगणार नाही अशा 5 गोष्टी’. खाली सात अंगठे, दोन नमस्कार. दाजींनी आयुष्यात स्टेपनी बदललेली नाही, पण फॉरवर्ड करायला काय जातंय! आणि पोराने तो वाचून शनिवारी ड्राइव्हवेमध्ये पाचही गोष्टी करायला घेतल्या.

गाडी 1992 ची माझदा मियाटा, 1.6 वाली, जेमतेम हजार किलोची. न्यू जर्सीतले तीसेक हिवाळे काढलेले. शॉक कोनी कंपनीचे पिवळे, नवे, वरच्या नॉबने रिबाउंड (चाक परत खाली येतानाचा अडथळा) अ‍ॅडजस्टेबल. म्हणजे पोराने वस्तू चांगली घेतली होती, अक्कल तेवढी ग्रुपवरून घेतली.

आता फॉरवर्डमधली पहिली गोष्ट, जिच्यामुळे मी हे लिहायला बसलो: "चारही नॉब पूर्ण घट्ट करा, शॉक जितका कडक तितकी ग्रिप जास्त, रेसवाले असंच करतात."

कोण रेसवाले?

शॉकअपचं काम गाडी कडक करणं नाहीच मुळी. खड्डा, उंचवटा पोटात घेते ती स्प्रिंग, आणि स्प्रिंग एकदा दाबली की ती नाचत राहते, ते नाचणं थांबवायचं, त्या हालचालीची आत तेलात उष्णता करून टाकायची, एवढंच शॉकअपचं काम. या शॉकवरचा नॉब फक्त रिबाउंड बदलतो, म्हणजे चाक वर दाबलं गेल्यावर स्प्रिंग त्याला परत खाली ढकलते तेव्हा किती अडवायचं ते. कम्प्रेशनला, म्हणजे चाक वर जातानाच्या अडथळ्याला, तो हातसुद्धा लावत नाही. आता नॉब पूर्ण घट्ट केला की चाक खटकन वर जातं पण खाली यायला वेळ लावतं, आणि ते पुरतं खाली यायच्या आत पुढचा दणका बसतो, मग अजून थोडं वर, मग अजून, आणि गाडी हळूहळू स्वतःच्याच सस्पेन्शनमध्ये खाली बसत जाते. भाच्याच्या घराजवळच्या रॅम्पवर डांबराचे पॅच आहेत, साधारण दहा-दहा फुटांवर. 40 मैलांच्या स्पीडला गाडी सेकंदाला अठ्ठावन्न-एकोणसाठ फूट जाते, म्हणजे सेकंदात पाच-सहा दणके. चाकाला खाली यायला वेळ कुठाय? शेवटी सगळं जाऊन टेकतं बम्पस्टॉपवर, म्हणजे शॉकच्या दांड्यावरच्या रबरी ठोकळ्यावर, आणि वळणावर चाक रस्त्याला धरून राहण्याऐवजी टणाटण उडतं. ग्रिप वाढली म्हणे! हेच पावसात झालं असतं तर रात्री अकराला फोन भाच्याचा आला नसता, दुसऱ्याच कोणाचा आला असता.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, कोनीवर ठेवा. शॉक बनवणारी कंपनीच सांगते की माल सगळ्यात सॉफ्ट सेटिंगला येतो, रस्त्यावरच्या गाडीने तिथूनच सुरुवात करायची, लागलं तर थोडं थोडं वाढवायचं, आणि तेही रिबाउंडच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोर साधारण दुप्पट होतो. दुप्पट! भाजीत मीठ दुप्पट घालून बघा एकदा.

तरी पोराला पटेना, व्हिडिओत छान दिसतं म्हणे. म्हणून आज सकाळी गेलो आणि पुढच्या शॉकच्या दांड्यावर एक झिपटाय, म्हणजे प्लास्टिकची पट्टी, बांधला, खाली सरकवून शॉकच्या नळीवर टेकवला. गाडी दबली की नळी त्याला वर ढकलते आणि तो तिथेच राहतो, त्यावरून कळतं की सस्पेन्शन कुठवर दबलं. फुल हार्डवर रॅम्पची एक चक्कर मारली, झिपटाय थेट बम्पस्टॉपच्या रबरात घुसलेला. मग नॉब पूर्ण सॉफ्ट, तीच चक्कर, तोच स्पीड, झिपटाय बोटभर अलीकडे. भाचा खाली वाकून बघत होता, काही बोलला नाही, फोनवर फोटो काढला फक्त.

बरं, अर्धं सत्य आहे ते मान्य करतो, नाइलाजाने. पूर्ण सॉफ्टपेक्षा थोडं वर, पाव-अर्धा फेरा दिला की स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लगेच ऐकते, डुलत नाही. गुळगुळीत ट्रॅकवर आणि कडक स्प्रिंग असतील तर आणखी वर जाताही येतं. पण ‘थोडं वर’ आणि ‘चारही फुल’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरी गोष्ट, "नॉब फिरवला की गाडी खाली बसते". नाही बसत. नॉब आतला व्हॉल्व फिरवतो, उंची स्प्रिंग ठरवते. या शॉकच्या बाहेर स्प्रिंगची वाटी बसवायला एकापेक्षा जास्त खाचा असतात, वाटी खालच्या खाचेत बसवली तर गाडी खाली येते, पण त्यासाठी अख्खा शॉक उतरवून स्प्रिंग दाबून सोडवावी लागते. लिहिणाऱ्याने हे दोन्ही एकत्र कालवलंय.

तिसरी वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. "बम्पस्टॉपचा रबर काढून फेका, ट्रॅव्हल वाढेल." अरे बाबा, या गाडीत ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला जागा, मुळातच कमी, तो रबर म्हणजे शेवटची स्प्रिंगच आहे समज. तो काढला की मोठ्या खड्ड्यात धातूवर धातू आदळणार, आत शॉकचा पिस्टन तळाला आपटणार नाहीतर वरचं माउंट फाटणार, आणि मग पिवळे नवे शॉक भंगारात. नव्या शॉकच्या सूचनांमध्ये रबर इतका कापा असं लिहिलेलं असेल तर तेवढाच कापायचा. नशीब, पोराने डावीकडचा काढायला घेतला तेवढ्यात त्याला जेवायला हाक आली.

चौथी, "गाडी जॅकवर असतानाच इम्पॅक्ट गनने सगळं आवळा, दहा मिनिटांत काम". शॉकच्या वरच्या नटवर गन लावली की दांडाच गरगर फिरतो, आणि अ‍ॅडजस्टर त्याच दांड्यात आहे. तिथे हातपानाच. दुसरं म्हणजे चाकं लोंबकळत असताना आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट आवळले तर त्यांच्या टोकांचे रबरी बुश त्याच स्थितीत पकडले जातात, गाडी खाली घेतली की पिळवटलेलेच राहतात आणि लवकर फाटतात, गाडीही उगाच वर उभी राहते. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर घ्या, मग शेवटचं आवळा. माझदाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येही हेच आहे.

पाचवी, "अलाइनमेंटची गरज नाही", म्हणजे चाकांचे कोन पुन्हा जुळवायला नकोत. इथे पठ्ठ्या जवळजवळ बरोबर निघाला, काय करणार! मियाटात अलाइनमेंटचे कॅम बोल्ट, म्हणजे फिरवले की चाकाचा कोन बदलणारे बोल्ट, खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला असतात. पुढचा शॉक वरच्या आर्मचा लांब बोल्ट काढून बाहेर घेतला, कॅमना हात लावला नाही आणि उंची होती तीच ठेवली, तर अलाइनमेंट फारशी हलत नाही. उंची बदलली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदललाच, मग करून घ्या.

सध्या गाडी पुढे पाव फेरा, मागे पूर्ण सॉफ्ट. मागचे नॉब डिकीत आहेत, एका बाजूला पेट्रोलच्या पाइपवरचं कव्हर काढावं लागतं, त्याची एक क्लिप तुटली, ती शोधतोय. झिपटायचा फोटो भाच्याने फॅमिली ग्रुपवर टाकलाय. दाजींनी त्यालाही अंगठा दिला.