हॉर्निमन संग्रहालय: हात लावा आणि प्रश्नही विचारा

कुटुंबासह पाहण्याजोगे संग्रहालय म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रंगीबेरंगी बटणे, भिंतभर पडदे आणि लाडिक आवाजात माहिती सांगणारे एखादे यंत्र येते. मला ही कल्पना फार तोकडी वाटते. मुलांना जिथे वस्तू हाताळता येतात आणि ‘ही वस्तू इथे आली कशी?’ असे विचारल्यावर जिथे कोणी विषय बदलत नाही, ते खरे मुलांचे संग्रहालय. दक्षिण लंडनमधील फॉरेस्ट हिल येथले हॉर्निमन संग्रहालय मुलांबरोबर पाहिल्यापासून माझे हे मत अधिक पक्के झाले आहे.

या संग्रहामागचा माणूस म्हणजे चहाचा व्यापारी फ्रेडरिक जॉन हॉर्निमन. त्याच्या वडिलांनी १८२६ मध्ये चहाचा धंदा सुरू केला आणि सुट्या चहात सर्रास भेसळ होत असलेल्या त्या काळात वजन करून बंद केलेल्या पुड्यांतून चहा विकून नाव कमावले. मुलाने त्या पैशातून १८६० च्या दशकापासून वस्तू जमवायला सुरुवात केली. कीटक, मुखवटे, वाद्ये, भुसा भरलेले प्राणी, शस्त्रे, मूर्ती असे काय वाटेल ते तो जमवत गेला आणि घरात पाय ठेवायला जागा उरेना. ‘एक तर हा पसारा जाईल, नाहीतर आपण जाऊ,’ असे पत्नीने त्याला बजावल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. ती किती खरी आहे देव जाणे, पण कोणत्याही संग्राहकाच्या घरात ती सहज खपून जाईल. पुढे कुटुंबानेच दुसरीकडे बिऱ्हाड हलवले आणि १८९० मध्ये ते घर लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. त्याच जागी चार्ल्स हॅरिसन टाउनसेंड या वास्तुविशारदाने आखलेली, घड्याळाच्या मनोऱ्याची आजची इमारत १९०१ मध्ये उभी राहिली आणि हॉर्निमनने ती इमारत, बाग व संग्रह लंडनच्या जनतेला देऊन टाकले.

त्याला जगप्रवासी म्हणण्याचा प्रघात आहे. इजिप्त, भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश, चीन, जपान, अमेरिका असा मोठा प्रवास त्याने केला हे खरेच आहे. परंतु तो प्रामुख्याने १८९० च्या दशकातला, म्हणजे संग्रहाने घर व्यापून टाकल्यानंतरचा. त्याआधीच्या असंख्य वस्तू त्याने व्यापारी, मिशनरी आणि प्रवासी यांच्याकडून लंडनमध्ये बसूनच विकत घेतल्या होत्या. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘त्याने जगभर हिंडून हे सगळे आणले’ असे मुलांना सांगून टाकणे सोपे असते आणि त्या एका वाक्यात खरेदी-विक्रीची अख्खी साखळी नाहीशी होते.

आता वॉलरसविषयी, म्हणजे लांब सुळ्यांच्या, सीलसारख्या दिसणाऱ्या थंड समुद्रातल्या प्राण्याविषयी. प्राणिविभागाच्या मध्यभागी एका कृत्रिम हिमखंडावर हा अवाढव्य वॉलरस बसवलेला आहे. कॅनडातून आलेला हा प्राणी १८८६ मध्ये लंडनच्या एका मोठ्या प्रदर्शनात मांडला होता आणि नंतर हॉर्निमनने तो विकत घेतला. त्याचे कातडे भरणाऱ्या कारागिरांनी जिवंत वॉलरस पाहिलेला नसावा. वॉलरसच्या अंगावर सैल कातडीच्या वळ्या असतात, हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी ती कातडी भरत भरत पार ताणून टाकली. परिणामी त्याच्या मानेवर, पोटावर कुठेही एक सुरकुती नाही; फुगवताना कोणी थांबायचे विसरून गेल्यासारखा तो टरटरीत दिसतो. धाकट्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि ‘आई, याला कोणी सांगितलं नाही का, की बास झालं म्हणून?’ असे गंभीरपणे विचारले. त्याला कोणीही ‘दुरुस्त’ केलेले नाही, हे मला फार आवडले. तज्ज्ञ माणसेही न पाहिलेल्या गोष्टीविषयी आत्मविश्वासाने चुकू शकतात, हे मुलांना समजावण्यासाठी मला वेगळे काही बोलावेच लागले नाही.

असेच दुसरे प्रकरण म्हणजे येथला ‘मत्स्यपुरुष’, वर माकडासारखे दात विचकणारे डोके आणि खाली माशाची शेपटी. पूर्वी त्याची नोंद ‘जपानी माकड-मासा’ अशी होती आणि माकडाचे धड माशाला शिवून तो बनवला असावा, असे मानले जाई. अलीकडच्या काळात क्ष-किरण आणि सीटी स्कॅनने तपासल्यावर त्यात माकडाचा एकही अवयव नसल्याचे दिसून आले. मासा, लाकूड, तार आणि माती यांतून कोणा कसबी हाताने तो घडवला आहे. माझ्या मुलीला खरी जलपरी पाहून झाला नसता इतका आनंद या तपासणीमुळे झाला.

हाताळण्याच्या खोलीविषयी लिहावे तितके थोडे. मुखवटे, बाहुल्या, वाद्ये अशा वस्तू तेथे मुले स्वतः हातात घेऊ शकतात. वाद्यांच्या दालनात सुमारे १३०० वाद्ये काचेआड आहेत आणि ती पाहताना मोठी माणसे हरखून जातात. मुलांना मात्र एखादेच वाद्य प्रत्यक्ष वाजवता आले तरी पुरते. ‘हात लावू नका’ अशी पाटी वाचत वाढलेल्या माझ्या पिढीला प्रारंभी धाकधूक वाटते, पण वस्तूचे वजन आणि खरखरीतपणा तळहाताला कळल्यावर मुलांचे प्रश्न बदलतात. ‘हे काय आहे?’ विचारणारी मुलगी ‘हे कोणी केलं असेल?’ असे विचारू लागली.

आणि तिथूनच अवघड भाग सुरू होतो. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातील बेनिन शहरावर स्वारी करून राजवाडा लुटला. त्या लुटीतील पितळी फलक, हस्तिदंती वस्तू आणि इतर ऐवज युरोपभरच्या संग्रहालयांत पोहोचला, तसा हॉर्निमनमध्येही आला. नायजेरियाच्या राष्ट्रीय संग्रहालय आयोगाने २०२२ च्या जानेवारीत मागणी केल्यावर संग्रहालयाने ऑगस्टमध्ये निर्णय जाहीर केला आणि नोव्हेंबरमध्ये अशा ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवली. त्यांत बारा पितळी फलक होते, पितळी कोंबडा होता आणि राजवाड्याची एक किल्लीही होती. समारंभात सहा वस्तू लगेच हाती देण्यात आल्या. मालकी बदलल्यावरही काही वस्तू उसनवारीने लंडनमध्ये ठेवण्याची मुभा ठेवली गेली.

मुलीचे बोट त्या किल्लीच्या उल्लेखावर अडले. घर लुटले, वर किल्लीही नेली, हे तिच्या हिशेबात बसेना. ‘मग इतकी वर्षं परत का नाही दिली?’ या प्रश्नाला माझ्याकडे नीटसे उत्तर नव्हते आणि ते नव्हते हे मी तिला सांगितले.

सहलीच्या दिवशी मुलांच्या डोक्यात वसाहतवाद कशाला भरवायचा, असे मत मी अनेक पालकांकडून ऐकले आहे. मला ते पटत नाही. वर्गात कोणी पेन्सिल न विचारता घेतली तर त्यावर न्यायनिवाडा करणारी मुले या प्रश्नाला पुरून उरतात. अवघडलेपण येते ते आपल्याला. उलट ज्या संपत्तीवर हा सारा डोलारा उभा राहिला, तो चहाचा व्यापार ब्रिटिश साम्राज्याशी आणि शोषणाशी जोडलेला होता, हे संग्रहालय आता स्वतःच मांडते. आपल्या देणगीदाराचा उदारपणा आणि त्याच्या पैशाचा उगम या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली सांगण्याचे धैर्य सगळीकडे दिसत नाही. एवढेच वाटते, की हा मजकूर मोठ्यांच्या उंचीवर आणि मोठ्यांच्या भाषेत आहे. वॉलरससाठी जितका विचार झाला, तितकाच इथेही व्हायला हवा होता.

कोणी जाणार असेल तर दोन व्यावहारिक गोष्टी. संग्रहालय आणि बाग पाहायला पैसे पडत नाहीत, पण आम्ही गेलो तेव्हा मत्स्यालय आणि फुलपाखरांच्या दालनासाठी वेगळे तिकीट होते. वॉलरसचे दालन आमच्या भेटीनंतर, २०२४ च्या मार्चमध्ये, नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले. त्यामुळे मुलांना वॉलरसचे वचन देण्यापूर्वी ते पुन्हा उघडले आहे का आणि हाताळण्याच्या खोलीची वेळ कोणती, हे दोन्ही आधी पाहून ठेवावे.