हंसाबेनचं अर्धंच ऐकलं आपण

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या जोरात वाजलंय. भाचीची बारावी झाली, तिला बडोद्यातच एम.एस. युनिव्हर्सिटीत होम सायन्सला जायचंय, फूड्स अँड न्यूट्रिशन घ्यायचंय. फॅकल्टीचं नाव आता फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस वगैरे झालंय पण आमच्या बडोद्याच्या डांडिया बाजारात कोण म्हणतंय तसं. तर काकांनी लिहिलं, "लाडू वळायला डिग्री कशाला, आजी फुकटात शिकवेल." खाली हसरे चेहरे पडले धडाधड, भाची भडकली, आणि मला टॅग करून मोकळी, मामा तू सांग ना यांना.

आता मी योकोहामात. इथून काही बोललं की एनआरआय ज्ञान पाजळतोय असं होतं हे माहितेय, तरी लिहितोच, कारण या भांडणात दोन्ही पार्ट्या एक गोष्ट विसरतायत, आणि ती आपल्याच गावातल्या बाईची आहे.

हंसाबेन मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहतांची मुलगी, १९४९ ला युनिव्हर्सिटी झाली तेव्हा पहिल्या कुलगुरू, सहशिक्षण असलेल्या युनिव्हर्सिटीवर बाई कुलगुरू हे देशात पहिल्यांदाच. १९५८ पर्यंत होत्या. कॉलेजात असताना त्यांच्या नावाच्या लायब्ररीत आम्ही परीक्षेआधी पडीक असायचो पण बाई कोण होत्या हे कुणी विचारलंय! मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात त्यांनी दुरुस्ती करायला लावली तो फॉरवर्ड दरवर्षी १० डिसेंबरला येतो, तेवढंच.

होम सायन्सची फॅकल्टी त्यांच्याच काळात उभी राहिली. आणि ती लाडवांसाठी नव्हती हो काका. पोषण, बालविकास, कापडशास्त्र, घराचं आर्थिक नियोजन, गावोगाव जाऊन लोकांना शिकवणं, सगळं एका छताखाली. मुलं कशी वाढतात ते प्रत्यक्ष बघता यावं म्हणून फॅकल्टीची स्वतःची चेतन बालवाडी. आपल्याच युनिव्हर्सिटीत प्रा. आर. राजलक्ष्मींनी गरीब घराला परवडेल असा सकस आहार इथल्याच धान्य, डाळी, पालेभाज्यांतून कसा बसवायचा यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. हे आजी शिकवू शकत नाही, आणि आजीला जे येतं ते लॅबमध्ये मिळत नाही, दोन्ही खरंय.

मुळात या सगळ्याला बडोद्याची जुनी पार्श्वभूमी आहे. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२७ मध्ये पुण्याला झालं, अध्यक्ष आपल्या महाराणी चिमणाबाई. त्याच परिषदेने १९३२ मध्ये दिल्लीत लेडी अर्विन कॉलेज काढलं, होम सायन्सचं, आणि १९४५-४६ मध्ये परिषदेच्या अध्यक्ष हंसाबेन. म्हणजे बायकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्याच होम सायन्स उभं करत होत्या, त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. बायकांना चुलीशी बांधायचा विषय म्हणून नाक मुरडणाऱ्या माझ्या पुरोगामी मैत्रिणींनी हेही वाचावं.

पण अर्धं राहिलं ते पुढचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का यावर सरकारी समिती नेमली, अध्यक्ष हंसाबेन. देशात होम सायन्स उभं करणाऱ्यांपैकी एक बाई, तिने सांगितलं की अभ्यासक्रमात असा भेद नको, आणि घरकामाचं शिक्षण मिडल स्कूलमध्ये मुलगे-मुली दोघांनाही द्या. नंतर शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगानेही वेगळा अभ्यासक्रम नको हेच धरलं, होम सायन्स मुलींवर सक्तीचं नको म्हणाले. मग सक्ती गेली ते बरंच झालं, पण मुलगे काही आलेच नाहीत. फॅकल्टी ठेवली, रिपोर्ट कपाटात.

इथे जपानमध्ये पण अगदी आपल्यासारखंच होतं. मिडल स्कूलला मुलांना हत्यारं-यंत्रं, मुलींना स्वयंपाक-शिवण, हायस्कूलला होम इकॉनॉमिक्स फक्त मुलींना सक्तीचं. बायकांच्या संघटना भांडत होत्याच, पण १९८५ ला स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर करायचा झाला तेव्हा सरकार अडकलं, शाळेतच भेदभाव आणि मंजुरी कशी देणार. १९८९ ला अभ्यासक्रम बदलला, १९९३ ला मिडल स्कूल आणि १९९४ पासून हायस्कूलला सगळ्यांना एकच.

माझा मुलगा पाचवीत आहे. पाचवीला होम इकॉनॉमिक्सचे वर्षाला ६० तास, सहावीला ५५. शाळेतून शिवणाच्या डब्याचं ऑर्डरचं पाकीट आलं, डिझाइन निवडा म्हणून, आणि वर्गातल्या पोरांनी ड्रॅगनवाला डबा घेतला, सुया, कात्री, टेप, रिळं आणि झाकणावर आग ओकणारा ड्रॅगन. भात शिकवतात तो काचेच्या भांड्यात, दाणे कसे वर उसळतात, पाणी कधी आटतं ते दिसावं म्हणून. वहीत लिहिलंय : पाणी तांदळाच्या वजनाच्या दीडपट, मापाने घेतलं तर १.२ पट, अर्धा तास भिजवा, गॅस बंद केल्यावर १० मिनिटं झाकण उघडू नका. मिसो सूपसाठी सुक्या बारीक माशांची डोकी मोडून पोटातलं काळं काढत बसला होता तेव्हा व्हिडिओ कॉलवर आई आधी "अगं बाई, मासे?" आणि मग लगेच, "हात धुतले का रे त्याने?"

आता कुणी म्हणेल मग जपानी पुरुष घरात राबत असतील. अजिबात नाही. ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकड्यांत जपानी पुरुष दिवसाला सुमारे ४१ मिनिटं बिनपगारी काम करतो, बाई २२४. माझ्या ऑफिसातले चाळिशीतले लोक हे सगळं शाळेत शिकलेत आणि तरी रात्री दहाला घरी जातात, तिथे भात कोण लावणार. आपल्याकडे २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची २९९ मिनिटं आणि करणाऱ्या पुरुषांची ९७, पण मुळात करणारे पुरुषच २६ टक्के. शाळेने सगळं सुटत नाही, ऑफिसचे तास पण बघायला लागतात. तरी इथे एक तरी झालंय, मुलगा शिवतोय यावर वर्गात कुणी हसत नाही. आपल्याकडे २०२४ मध्ये केरळच्या तिसरीच्या पुस्तकात बाबा नारळ खवताना दाखवले तर त्याची देशभर बातमी झाली.

काकांचा दुसरा मुद्दा, आपल्याकडे कामाला बाई येते, कशाला शिकायचं. हा मात्र जड आहे, कारण खरंय, बडोद्यातल्या आमच्यासारख्या घरांत आता मुलींनाही येत नाही आणि मुलांनाही, एका अर्थाने समानता आलीच की. पण मग त्या बाईच्या घरी कोण करतं? तिची मुलगीच ना.

भाचीने बिनधास्त ॲडमिशन घ्यावं, मार्क आहेत, आवड आहे. मला काळजी तिच्या धाकट्या भावाची आहे, नववीत आहे, कोडिंगचा क्लास आहे, चहा येत नाही. फॅकल्टीच्या पोरी प्रोजेक्टसाठी गावोगाव जातात तशा गावातल्याच शाळांत आठवड्याला दोन तास का जाऊ नयेत, सहावी-सातवीला, मुलगे-मुली एकत्र, सुरुवात भातापासून. जागा आहे, शिकलेली माणसं आहेत, ओव्हन-शेगड्या असतीलच. ग्रुपवर हे टाकलंय. काकांनी अजून वाचलं नाहीये, निळी टिक आलेली नाही.