गिझरचा दिवा लागतो, पाणी तापत नाही

आज सहावा दिवस. पुण्यातला जानेवारी, सकाळी पारा १०च्या आसपास, आणि आमचा गिझर लाल दिवा लावून मख्खासारखा भिंतीवर बसलाय. दिवा लागतो, पाणी गारढोण. २००० वॅटचा गिझर १५ लिटर पाणी साधारण २० मिनिटांत तापवतो, हे मला आता झोपेतही सांगता येईल. कारण रोज सकाळी तेवढंच चाललंय. बटण लावायचं, २० मिनिटं थांबायचं, नळाखाली बोट धरायचं आणि शिव्या घालायच्या.

पहिल्या दिवशी कंपनीला फोन केला. एक दाबा, दोन दाबा, मग कान किटेपर्यंत संगीत. शेवटी माणूस लाभला तर पहिला प्रश्न, "मॅडम, मेन स्विच ऑन आहे का?" अहो, दिवा लागतोय म्हणून सांगतेय ना मघापासून!

तिसऱ्या दिवशी टेक्निशियन उगवला. हातात एक टेस्टर. मल्टिमीटर नाही, स्टूलसुद्धा आमचंच. झाकण उघडलंच नाही त्याने. गिझरवर दोन थापा मारल्या, जत्रेत म्हैस बघतात तशा, आणि निकाल दिला: "एलिमेंट गेला. जुना देऊन नवीनच घ्या ना." एलिमेंट म्हणजे आतली पाणी तापवणारी कांडी. आणि सव्वादोन वर्षांचा गिझर जुना? व्हिजिटचे ४५० रुपये घेतले, वर म्हणाला, "ओटीपी सांगा, आल्याची नोंद करायचीय." मी बावळट, सांगितला. संध्याकाळी मेसेज: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. निवारण! घरात सगळे पारोसे बसलेत आणि यांचं निवारण झालं!

चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातला इलेक्ट्रिशियन आला. मेन बंद केलं, खालचं झाकण काढलं, मीटर लावला. एलिमेंट शाबूत. कटआउट पडला होता, म्हणजे गिझर फार तापला की वीज तोडणारा आतला सुरक्षा-स्विच. एक एवढंसं बटण दाबलं, टक्. दहा मिनिटांचं काम, २०० रुपये. पण जाताना बजावून गेला, "ताई, हा परत पडला तर सारखा दाबत बसू नका. आत क्षार बसलाय, एलिमेंट काढून साफ करावा लागेल." आज सकाळी पडलाच. आणि तो गेलाय गावाला, गुरुवारी येणार.

क्षार का नाही बसणार? सोसायटीत निम्मं वर्ष बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. बादलीच्या कडेला पांढरं पुट, नळाची जाळी महिन्यात बुजते. तेच एलिमेंटवर चढतं, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, एलिमेंट आतल्या आत भाजत राहतो. हे त्या थापा मारणाऱ्याला माहीत नसेल? आणि वॉरंटी कार्ड भिंगाखाली धरून वाचलं तर टाकीला सात वर्षं, एलिमेंटला दोन, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात, पाण्यातल्या क्षारांमुळे झालेला बिघाड धरला जाणार नाही. मग उरलं काय? चोरी?

गच्चीवर सोलर आहे म्हणे. आहे ना! आमच्या मजल्यावर गरम पाणी पोचेपर्यंत अर्धी बादली गार सोडून द्यावी लागते, आणि सात वाजता गेलात तर वरच्यांनी ते कधीच संपवलेलं असतं.

यात सासरे रोज चहाबरोबर, "आमचा तांब्याचा बंब कधी बिघडला नाही." बाबा, मान्य. पण नवव्या मजल्यावर गोवऱ्या कुठे पेटवू?

सध्या बादलीत रॉड सोडून, बाथरूमचं दार बाहेरून लावून मी पहारा देतेय, कोणी पोरगं हात घालेल म्हणून. एवढ्यात फोन वाजला. कंपनीचा. "मॅडम, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"

शून्य दाबलं तर म्हणे, चुकीचा पर्याय.