एकदम कडक पीस

जुन्या बाजारात दहा-वीस रुपयांत दुर्मीळ रेकॉर्ड मिळते, ही अफवा मुळात कोणी उठवली याची एकदा चौकशी व्हायला हवी. माझा संशय रेकॉर्ड विकणाऱ्यांवरच आहे. कारण ज्याला अशी रेकॉर्ड मिळाली तो माणूस कधीच भेटत नाही. भेटतो तो त्याचा मेहुणा, नाहीतर त्याच्या ऑफिसातला कोणीतरी. "अहो, बालगंधर्वांच्या तबकड्यांचा अख्खा गठ्ठा! भंगारवाल्याकडून किलोवर घेतला!"

किलोवर. हा शब्द कानावर पडला की माझ्यासारख्या पेन्शनीत निघालेल्या माणसाचं कशात लक्ष लागत नाही. मग रविवारी सकाळी सभ्य पुणेकर अंघोळीआधीचा दुसरा चहा घेत असतो, तेव्हा मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात उकिडवा बसलेला असतो. हा बाजार बुधवारीही भरतो, पण बुधवारी मी जात नाही. व्यसन नाही, हे स्वतःला पटवायला आठवड्यातला एक बाजार चुकवावा लागतो.

उकिडवं बसणं हा या छंदातला सगळ्यात शास्त्रीय भाग. रेकॉर्डी कधीच नजरेच्या उंचीवर नसतात. त्या जमिनीवर, ताडपत्रीच्या पार मागच्या कोपऱ्यात, मिक्सरची भांडी, बंद पडलेल्या इस्त्र्या आणि कोणाच्या तरी पंख्याच्या पात्याखाली आडव्या पडलेल्या असतात. खरं म्हणजे रेकॉर्ड उभी ठेवायची असते, आडवी रचली की वजनानं वाकते. पण हे विकणाऱ्याला सांगायला गेलं तर तो म्हणतो, "मग घेऊन जा ना काका, घरी उभी ठेवा." बिनतोड मुद्दा. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना हे संगीत नको असतं आणि ज्यांना हवं असतं त्यांना एकदा खाली बसल्यावर उठवायला शेजारचा कुलूपवाला लागतो.

दुसरी परीक्षा चेहऱ्याची. हवी ती तबकडी दिसली तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलता कामा नये. जाणकार सांगतात की आधी भलत्याच वस्तूचा भाव विचारावा, खूप वेळ घासाघीस करावी, आणि निघता निघता पायानं गठ्ठ्याकडे दाखवत म्हणावं, "आणि हे काय, असंच पडलंय का?" मी हे मनापासून केलं. लोखंडी रहाटाचा भाव विचारला आणि तो इतका जीव तोडून पाडला की विकणारा तयार झाला. नाही म्हणायला जागाच उरली नाही. तो रहाट सध्या आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत आहे. विहिरीचा शोध चालू आहे.

एवढं करूनही उपयोग नसतो, कारण विकणारा आपल्या चेहऱ्याकडे बघतच नाही. तो हाताकडे बघतो. पंधरा तबकड्या भराभर उलटणारा हात सोळावीवर अर्धा सेकंद थबकला की संपलं.

"काका, ती राहू द्या. ती द्यायची नाही."

"का?"

"एक जर्मन येतो, तो घेतो."

हा जर्मन मी अजून पाहिलेला नाही. पण प्रत्येक विकणाऱ्याकडे एक जर्मन असतोच. आता, ही सगळीच थाप आहे असंही म्हणवत नाही. आर. डी. बर्मन वगैरेंच्या सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डींना परदेशात खरंच गिऱ्हाईक आहे, तिकडचे डीजे त्या शोधत असतात, आणि ही बातमी ताडपत्रीपर्यंत कधीच पोचली आहे. फक्त मंगलाष्टकांची ती मिनिटाला ४५ फेऱ्या घेणारी छोटी तबकडी जर्मन कशासाठी नेणार, हे मला उलगडत नाही.

त्यातून इतिहास बघितला तर संशय आणखी बळावतो. १९०२ साली फ्रेड गेस्बर्ग नावाचा गृहस्थ ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं संपताच बाई ठणकावून इंग्रजीत आपलं नाव सांगतात. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना कोणतं गाणं कोणाचं हे कळायला हवं. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ साली. म्हणजे पहिला सगळा माल जर्मनीतूनच आला होता. आता तो जर्मन येऊन परत नेतोय, यात काही जुना हिशोब असावा.

बरं, गठ्ठ्यात असतं तरी काय? आपण जातो नाट्यसंगीत शोधायला आणि हाती लागते गिटार. हिंदी सिनेमाची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर. सुनील गांगुली, व्हॅन शिप्ले. हे वादक थोर, त्यांच्या बोटांबद्दल ब्र काढायची माझी लायकी नाही. पण प्रत्येक गठ्ठ्यात, प्रत्येक गावात, प्रत्येक वेळी? मी यावर विचार केला आहे. एके काळी घरात नवा रेकॉर्ड प्लेयर आला की पाहुण्यांसमोर काय लावायचं हा प्रश्न असणार. शास्त्रीय लावलं तर मेहुणे जांभया देतात, लावणी लावली तर आजी उठून आत जाते. गिटारीला शब्दच नाहीत, त्यामुळे कोणाची तक्रार नाही. घरोघरी ती आली, कोणालाच नकोशी झाली नाही, कोणाला फारशी हवीही नव्हती, आणि घर आवरताना सगळ्यात आधी बाहेर गेली. त्या खालोखाल सिनेमाच्या संवादांच्या तबकड्या, मग इंग्रजी उच्चार शिकवणाऱ्या, आणि तळाशी कुठल्यातरी सूतगिरणीच्या रौप्यमहोत्सवाची, जिच्यावर चेअरमनसाहेबांचं भाषण दोन्ही बाजूंना आहे.

एकदा मात्र कुमार गंधर्वांचं कव्हर दिसलं. हात थबकू नये म्हणून मी तो दुसऱ्या हातानं ढकलला. पैसे दिले, घरी आणलं, आणि आतून निघाली योगासनांची रेकॉर्ड. "श्वास घ्या… सोडा… पुन्हा घ्या…" मी घेतला. सोडायला जरा वेळ लागला. पण यावरून गणित असं निघतं की पुण्यात कुठल्या तरी घरी योगासनांच्या कव्हरमध्ये कुमारजी आहेत. तेव्हापासून योगासनांचं कव्हर दिसलं की मी उघडून बघतो. आत योगासनंच असतात. आता आसनं सगळी तोंडपाठ आहेत, गुडघे तेच.

मराठीत आपण ज्याला 'कुत्रा छाप' म्हणायचो त्या एचएमव्हीच्या जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, तबकड्यांवर माझा खरा जीव. कर्ण्यासमोर मान तिरपी करून बसलेला तो कुत्रा दिसला की बरं वाटतं. हल्ली तर ऐकायला तोच एकटा बसलेला दिसतो. वडाळ्याला छापलेली 'यंग इंडिया' कंपनीची एखादी हाती लागली तर दिवस सोन्याचा. या तबकड्या लाखेच्या. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. जे पद नाटकात वन्समोअर घेत घेत अर्धा तास चालायचं, ते इथे लोकल पकडायची असल्यासारखं संपतं. शिवाय वन्समोअर द्यायचा तर आपणच खुर्चीतून उठायचं, आपणच पिन उचलून मागे ठेवायची, आणि पुन्हा बसेपर्यंत आलापी संपलेली असते.

७८च्या गठ्ठ्यात हात घालणाऱ्या प्रत्येकाचं एक गुप्त स्वप्न असतं: बीटल्स. जगात इतरत्र ७८चा जमाना आटोपला तरी आपल्याकडे गावोगावी चावीचे फोनो होते, त्यामुळे १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणी भारतात पार्लोफोन कंपनीच्या ७८च्या तबकड्यांवर छापली गेली. संग्राहक आज त्यासाठी जीव टाकतात. अडचण एवढीच की हे विकणाऱ्यालाही माहीत आहे, फक्त अर्धवट. त्यामुळे लेबलावर इंग्रजी अक्षर दिसलं की तो "बीटल आहे साहेब, बीटल!" म्हणतो. मला आजवर दाखवलेल्या बीटल्समध्ये एक मिलिटरी बँड, एक ख्रिसमसचं गाणं आणि ती उच्चार शिकवणारी बाई आहे.

माल कसा आहे हे तपासायची पद्धत तर बघण्यासारखी. फुटपाथवर वीज नाही, मशीन नाही. तबकडी उन्हात तिरकी धरायची, ओरखडे मोजायचे, कडेला चीर आहे का ते नखानं बघायचं. विकणाऱ्याला हा अविश्वास सहन होत नाही. "एकदम कडक पीस आहे काका!" एवढ्यावर भागलं नाही म्हणून एकानं लेबल वाचलं, खिशातून मोबाईल काढला, यूट्यूबवर तेच गाणं लावलं आणि माझ्या कानाला लावून म्हणाला, "ऐका! आवाज किती क्लिअर आहे बघा!" आवाज खरंच क्लिअर होता. मी पैसे दिले.

मुंबईच्या चोर बाजाराची तऱ्हा वेगळी. तिथे मटण स्ट्रीटवर माणूस रेकॉर्डीपर्यंत पोचायच्या आधीच पितळी कर्ण्यांच्या झगमगाटात आंधळा होतो. "अंग्रेज के जमाने का है सेठ." कर्ण्याच्या पॉलिशचा वास अजून गेलेला नसतो. अंग्रेज नुकताच, बहुतेक गेल्या महिन्यात, गेला असावा. तिथे ग्रामोफोनच्या पिनांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्या तबकडीपेक्षा महाग मिळतात. कोणे एके काळी त्यात दोनशे पोलादी पिना असायच्या, एक पिन एका बाजूला वाजवून फेकून द्यायची. पिना गेल्या, गाणी गेली, डबी अँटिक झाली.

घरी आणल्यावर धुणं आलं. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "स्पिरिटनं पुसा, लख्ख होईल." मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या प्लास्टिकच्या एलपीला एक वेळ चालेल, पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार चपडालाख स्पिरिटमध्ये घालूनच पॉलिश करतो. काकांचं ऐकलं असतं तर भैरवी कपाटाच्या दाराला लागली असती. मग वेगाची भानगड. चुकून ७८ची तबकडी ३३ वर लागली तर नाटकातली नायिका एका क्षणात खलनायक होते, आणि तोही झोपेतून उठवलेला.

सौभाग्यवती या सगळ्याकडे शांतपणे बघत होती. एका रविवारी म्हणाली, "मी येते. बघू तरी काय करता ते." बाजारात तिनं गठ्ठ्यातली एक तबकडी दोन बोटांत धरून उचलली. "केवढ्याला हो भाऊ?"

"पाचशे, ताई."

तिनं ती परत ठेवली. काही बोलली नाही, हसली नाही, थांबली नाही, चालू लागली. माझ्या इतक्या वर्षांच्या अभिनयाला जे साधलं नव्हतं ते तिला आपोआप जमत होतं, कारण तिला ती खरोखरच नको होती. "ताई, अडीचशे! ताई, दीडशे! ताई, भवानीची वेळ आहे, सत्तर द्या!" सत्तरला तिनं ती घेतली, माझ्याकडे उपकार केल्यासारखी दिली आणि म्हणाली, "कव्हरवरचा निळा रंग बरा आहे. दिवाणखान्यात लावू." बघितलं तर सुनील गांगुली. मी काही बोललो नाही. चौकट करून आता ती टीव्हीच्या वर आहे.

परवा दुपारी फोन वाजला. विकणाराच होता. माझा नंबर त्याच्याकडे कसा, तर कुमारजी आले की कळव म्हणून मीच देऊन ठेवलेला.

"काका, ताईंनी नेलेली ती निळ्या कव्हरची गिटार आहे ना अजून? एक पोरगा आलाय, हिप-हॉप का काय करतो, त्याला तीच पाहिजे. तशी काय खास नाही, स्क्रॅच असतील, कव्हर पण जुनंच… देऊन टाका, दोनशे देतो."

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. हिनं माझ्या हातातला फोन घेतला.

"बोला भाऊ. नाही, ती द्यायची नाही." थोडं थांबून, आवाज जराही न बदलता तिनं पुढे सांगितलं, "एक जर्मन येतो आमच्याकडे, तो घेणार आहे. पण रहाट आहे एक लोखंडी, एकदम कडक पीस. केवढ्याला घेता?"