आधी रिलीव्हर द्या, मग फेटा बांधा

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात आणि त्यांच्या मागोमाग आम्ही. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा, ही इथली जुनी पद्धत. परवा वळीव पडून गेला होता, रस्ता ओला होता आणि आम्ही नेहमीच्या जागी टेकलो होतो. मी एका खाजगी हॉस्पिटलात अकरा वर्षं ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून काम करतोय. अण्णांनी शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत हयात घालवली, युनियनचंही काम केलं. बंड्या माझा शाळासोबती, आता दुसऱ्या एका हॉस्पिटलात एचआर बघतो. धार काढायला बापू. आणि पोरासाठी दूध न्यायला किटली घेऊन आलेल्या आमच्या गल्लीतल्या वहिनी. त्या माझ्याच हॉस्पिटलात स्टाफ सिस्टर आहेत.

बंड्यानं मोबाइल पुढं केला. "वहिनी, फेट्यातला फोटो बघितला तुमचा. नाद खुळा! सिस्टर ऑफ द इयर!"

"तो फोटो डिलीट करा भावजी," वहिनी म्हणाल्या.

बंड्याला वाटलं लाजल्या. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. अण्णांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "काय झालं पोरी, सांग की."

त्या जे बोलल्या ते जवळपास त्यांच्याच शब्दांत देतोय. आमच्याकडं बाईमाणूसही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतं, तेही तसंच ठेवलंय.

"अकरा तारखेला रात्री आठला ड्यूटीवर गेलो. वॉर्डात चौदा पेशंट आन मी एकटी. दोघांची आदल्या दिवशी ऑपरेशनं झालेली. एक आजोबा सारखी सलाईन उपसायचे. दीड वाजता एकाला धाप लागली, त्याच्यापाशी उभारलो तर पलीकडची बेल वाजायला लागली. बेल ऐकू येतीया, आन हितनं हलता येत न्हाई. तीनला बाथरूमला गेलो तवा ध्यानात आलं, संध्याकाळपासनं गेलोच न्हवतो. सकाळी आठला हॅण्डओव्हर दिला, पर्स उचलली, तर इन्चार्ज म्हणाल्या थांबा, आज नर्सेस डे हाय, मोठे सर साडेनवाला येणार. सर आले सव्वाअकराला."

"तवर काय केलंसा?"

"खुर्चीत बसलो. झोप लागली की कोणतरी उठवायचं, फुगे लावायला हात लावा म्हणून. मग फेटेवाला आला. रातभरच्या घामानं केस चिकटलेले, त्यावरच त्यानं करकचून फेटा बांधला. हातात दिवा दिला, शपथ म्हणायला लावली. प्रमाणपत्र दिलं, केकचा तुकडा दिला, आन हॉस्पिटलचं नाव घातलेली स्टीलची पाण्याची बाटली. सर म्हणाले तुम्ही आमच्या हॉस्पिटलचा कणा आहात. मी आपला भिंतीला टेकून उभा, आता पडतो का मग पडतो. घरी पोचलो तर बारा वाजून गेलेले. पोरगं न जेवता दारात बसलेलं. आन रात्री आठला परत ड्यूटी."

पुढचं मी सांगितलं, कारण तो अर्ज माझ्या हातचा आहे. जानेवारीत आम्ही एकतीस जणांनी सह्या करून अर्ज दिला होता. मागणी एकच: त्या वॉर्डाला रात्री दुसरा माणूस द्या, आणि कोणी रजेवर गेलं तर रिलीव्हरची, म्हणजे बदली माणसाची, सोय ठेवा. इनवर्डचा शिक्का मारलेली प्रत माझ्या कपाटात आहे. मे उजाडला तरी त्याला उत्तर नाही. ज्या बाईनं त्या अर्जावर पहिली सही केली, तिलाच एकटीनं रात्र काढायला लावून सकाळी फेटा बांधला. मला त्या फेट्याचा राग येतोय तो याच कारणानं.

बंड्या गप्प बसणारा नव्हे, आणि त्यानं गप्प बसावं असं मलाही वाटत नव्हतं. त्याची बाजू खरी आहे तेवढी खरी आहेच.

"लगा, तू मलाच मालक समजायलायस," तो म्हणाला. "केकचे, फुलांचे तीन हजार माझ्या सहीनं सुटतात. नवीन पोस्ट भरायची तर फाइल वर जाते आणि वरच राहते. सरकारी योजनेतल्या पेशंटची बिलं वेळेवर निघत न्हाईत, पॅकेजचे दर कमी, ऑक्सिजनपासनं लिफ्टपर्यंत सगळं महागलंय. साठ-सत्तर बेडचं हॉस्पिटल चालवणं खायचं काम न्हाई. माझ्या हातात जे हाय त्यातनं मी माझ्या स्टाफला बरं वाटावं म्हणून करतोय. ते पण नको म्हणत असशील तर काय करू? बारा मे कोरडा घालवू?"

"पगाराचं बोल की," अण्णा म्हणाले.

पगाराचं मी बोललो. बऱ्याच सिस्टरांना ठाऊक नसतं म्हणून इथंही लिहितो. २०१६ च्या जानेवारीत खाजगी नर्सेसच्या पिळवणुकीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात निकाली निघालं आणि कोर्टानं केंद्राला समिती नेमायला सांगितली. समितीच्या शिफारशी स्पष्ट आहेत. दोनशेपेक्षा जास्त बेड असतील तर पगार राज्य सरकारच्या नर्सइतका. शंभरच्या वर बेड असतील तर सरकारी पगारापेक्षा फार तर १० टक्के कमी. पन्नास ते शंभर बेडना फार तर २५ टक्के कमी. आणि पन्नासाच्या आतलं हॉस्पिटल असलं तरी महिना २०,००० च्या खाली नाही. या शिफारशीच, अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली, म्हणून त्या कागदावर राहिल्या. मी २०१४ साली लागलो तेव्हा हातात साडेसात हजार यायचे आणि माझी मूळ सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात अडकवून ठेवली होती. वहिनींना आज सोळा मिळतात, आणि आमचं हॉस्पिटल पन्नास बेडच्या वरचं आहे.

बंड्या म्हणाला, "मान्य. पण मग कोरोनात लोकांनी थाळ्या वाजवल्या त्या पण फुकटच्या म्हणायच्या का?"

हा प्रश्न मला लागला. कारण २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता मी घरी होतो, आमच्या अख्ख्या गल्लीनं थाळ्या वाजवल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाणी खरं होतं. ३ मे ला हेलिकॉप्टरांनी हॉस्पिटलांवर फुलं टाकली तेव्हाही कोणालातरी आपण दिसतोय एवढंच पुरलं होतं. पुढं पुष्कळ सिस्टरांना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्या हे खरं, तरी त्या थाळीला मी खोटं म्हणणार नाही. बंड्याला मी म्हटलं, शेजाऱ्याच्या हातात थाळीच होती रे. त्याच्याकडं आम्हाला द्यायला दुसरं काय होतं? मालकाच्या हातात ड्यूटीचं रोस्टर आहे, पगार आहे, माणूस वाढवायची सही आहे. ज्याच्या हातात हे सगळं आहे त्यानं थाळी वाजवली तर ती वेगळी वाजते.

पेशंटचंही तसंच. गेल्या थंडीत पन्हाळ्याकडच्या एका आजी डिस्चार्ज होऊन पंधरा दिवसांनी परत आल्या. आम्हाला वाटलं काही दुखतंय. त्यांनी पिशवीतनं काकवीची बाटली काढली, गुऱ्हाळावरची, अजून कोमट होती. "माझं हागणंमुतणं काढलंस बाबा, लेकानं काढलं नसतं." ती काकवी आम्ही सगळ्यांनी चपातीला लावून खाल्ली. अशा कौतुकावर माणूस वर्षभर काम करतो. कोणाला कौतुक नको असतं असं नाही.

अण्णांच्या धाकट्या सूनबाई करवीर तालुक्यात आशा सेविका आहेत, त्यामुळं हा विषय त्यांच्या घरातलाच. ते म्हणाले, "२०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या सगळ्या आशांना पुरस्कार दिला. आमच्या घरात पेढे वाटले. पण कागदावर ती तवाबी स्वयंसेविका, आजबी स्वयंसेविका. पगार न्हवं, मोबदला. २०२३ ला संप केला, २०२४ ला आझाद मैदानात थंडीउन्हात बसल्या, तवा पाच हजार वाढले. पुरस्कारानं न्हाई वाढले, बसल्यानं वाढले."

एवढा वेळ बापू खाली मान घालून धार काढत होते. ते मध्येच म्हणाले, "पाडव्याला मी म्हशीला सजवतोय, शिंगं रंगवतोय, गळ्यात चाळ बांधतोय, गावातनं मिरवतोय. समदं कोल्हापूर बघतंय. पर वरीसभर पेंड आन वैरण घातलेली असती म्हणून ती म्हस पाडव्याला माझ्या हाकेसरशी पळती. उपाशी म्हशीची शिंगं रंगवली तर ती ढुसणी देईल."

"आमास्नी म्हशीच्या रांगेत बांधलासा व्हय बापू?" वहिनी म्हणाल्या.

बापू एकदम उभे राहिले. "न्हाई वैनी. माझं घर तिच्या जिवावर चालतंय. तिच्यापरास मोठं माझ्याकडं कोण न्हाई, म्हणून तिचं नाव घेतलं."

वहिनी जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग बंड्याकडं वळल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "भावजी, पोस्ट तुमच्या हातात न्हाई म्हणालासा. ते सोडा. तुमच्याकडं रोस्टर कोण लावतंय?"

"मॅट्रन लावतात, माझी सही."

"ते कधी लागतंय?"

"महिन्याच्या एक-दोन तारखेला... कधी तीन."

"म्हणजे उद्या नाईट हाय का मॉर्निंग ते आदल्या रात्री कळणार. पोराला कुणाकडं ठेवायचं, सासूबाईंना डोळ्याच्या डॉक्टरकडं कधी न्यायचं, कायच ठरवता येत न्हाई. पंचवीस तारखेला रोस्टर लावायला पैसे पडतात का?"

बंड्या नाही म्हणाला.

मग त्या एकेक सांगत गेल्या आणि मी ऐकत राहिलो. अकरा वर्षं त्याच वॉर्डात असून यातलं निम्मं मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही. नाईटला बसायची खुर्ची मोडकी, म्हणून पेशंटच्या नातेवाइकाचं स्टूल मागून घ्यावं लागतं. हॅण्डओव्हरचा अर्धा-पाऊण तास कुठल्याच हिशेबात नाही. डबल ड्यूटी केली की त्याची सुट्टी देतो म्हणतात आणि ती महिनाअखेरीला बुडते. पन्नास किंवा जास्त कामगार असले की पाळणाघराची सोय हवी, हे २०१७ पासून कायद्यात आहे, आणि आमच्या वॉर्डातली एक मुलगी आठ महिन्यांचं बाळ शेजारणीकडं ठेवून येते. आणि नाईटवरनं सुटलेल्या माणसाला कुठल्याही कार्यक्रमासाठी थांबवू नका. वहिनींनी हे शेवटचं दोनदा सांगितलं.

बंड्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. "रोस्टरचं मी करतो," म्हणाला. "कडीचं पण. आमच्याकडं पण नसंलच कडी. मी कधी बघितलंच न्हाई."

"बघतो-करतो नको. कधीपासनं?"

"या महिन्याच्या पंचवीसला आमच्याकडं जूनचं रोस्टर भिंतीवर लागलेलं असंल. वहिनी, न्हाई लागलं तर हितं सगळ्यांसमोर विचारा."

मला बरं वाटलं. पण त्यानंतर वहिनींनी जे काढलं त्यानं माझीच मान खाली गेली.

"त्या दिवशी कार्यक्रम झाल्यावर केकचा क्रीम आन फुलांच्या पाकळ्या समदीकडं पडलेल्या," त्या म्हणाल्या. "झाडल्या कुणी? मावशींनी. त्याबी माझ्याबरोबर रातभर होत्या. तीनला मी बाथरूमला गेलो तवा त्या धाप लागलेल्या पेशंटचा हात धरून कोण बसलं होतं? त्याच. त्यास्नी ना बाटली, ना केक. मी माझा तुकडा द्यायला गेलो तर म्हणाल्या, नको बाई, आम्ही ठेकेदाराची माणसं, आम्हाला न्हाई त्यात. आन आपण दिलेल्या अर्जावर एकतीस सह्या, त्यात मावशी एकबी न्हाई. त्यांच्या रिलीव्हरचं एक वाक्यसुद्धा न्हाई."

अर्ज मी लिहिला होता. मावशी मला सुचल्याच नव्हत्या. ज्या साहेबांना आम्ही दिसत नाही म्हणून मी तावातावानं बोलत होतो, त्यांच्यासारखंच मीही केलं होतं. तसं मी तिथंच कबूल केलं, आणि नवा अर्ज लिहू, पहिली सही मावशींची घेऊ, असं म्हणालो.

"अजिबात न्हाई," अण्णा कडाडले. "सही घेशील आन दुसऱ्या दिवशी ठेकेदार तिला कामावर येऊ नको म्हणंल. फौंड्रीत डोळ्यांदेखत बघितलंय. पोरं पुढं केली आन पोरंच घरी बसली. आमच्या टायमाला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं भरायचा, असं त्यात सरळ लिहिलेलं. तरीबी एकट्या माणसाला कायद्यानं वाचवलं न्हाई. तुम्ही पर्मनंट हाय, तुमच्या सह्या करा. तिची मागणी लिहा, तिचं नाव लिहू नका."

"पण त्यांना विचारल्याशिवाय?" मी म्हणालो.

"विचारायचं. सही मागायची न्हाई, काय पाहिजे ते विचारायचं."

बापूंनी वहिनींची किटली भरून दिली. त्यांना निघायचं होतं, पोरगं वाट बघत होतं. जाताना म्हणाल्या, "मावशी आज नाईटला हायत. सकाळी आठला सुटतील. तुम्ही मॉर्निंगला येता न्हवं? पावणेआठला या, त्यांना गेटवर उभं करून बोलू नका, दमलेल्या असतात. चालत चालत स्टॉपपर्यंत जावा त्यांच्यासंगं."