आकड्यांचं भरीत

जिल्ह्याच्या बैठकीत पीकपाणी मांडायची पाळी तुमच्यावर आली, की समोरच्याला काही कळलं पाहिजे हा विचार आधी डोक्यातून काढा. हजारो ओळींची एक्सेल फाइल भरताच्या वांग्यांसारखी बडगीत, म्हणजे भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात, घाला आणि अशी कुटा, की किडकं वांगं कोणतं होतं हे कुणाला ओळखू येऊ नये.

सुरुवात कपाशीने करा. समजा, गेल्या वर्षी एकरी ८ क्विंटल पिकली, यंदा साडेआठ. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून धरलात तर दोन्ही स्तंभ जवळपास सारखे दिसतील आणि साहेब जांभई देतील. तो साडेसातपासून धरा. यंदाचा स्तंभ थेट दुप्पट! एकही आकडा खोटा नाही, त्यामुळे रात्री झोपही नीट लागते.

रावेर-यावलच्या केळीला स्तंभ कसले, केळंच काढा. उत्पादन दुप्पट झालं तर केळं दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढा. कागदावर ते चौपट जागा खातं.

जुनी-नवी तुलना हवी असेल तर धुळ्यासारखा जिल्हा नाही. १ जुलै १९९८ ला त्यातून नंदुरबार वेगळा झाला. ते न सांगता १९९१ आणि २००१ ची जनगणना शेजारी-शेजारी मांडा. एवढी माणसं गेली कुठे, हे शोधायला एखादी समिती तरी नेमली जाईल.

रंग लाल आणि हिरवाच घ्या. काहींना ते वेगळे दिसत नाहीत. असू द्या, बैठकीत तसेही सगळे मोबाइल बघत असतात.

आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या वाटेला जाऊ नका. १८५८ मध्ये तिने क्रिमियन युद्धातले मृत्यू गोल आलेखात, महिन्यामहिन्याच्या पाकळ्यांत मांडले. जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे बघताक्षणी कळत होतं. असं चित्र काढलं, की मग गटारं साफ करावी लागतात. कोण करणार?

पावसाला मात्र सरासरीच वापरा. नवापूरचा धो-धो आणि नंदुरबार तालुक्याचा रिमझिम एकत्र करून जिल्हाभर एकच निळा रंग फासा. मागून एखादे आबा उठतीलच: "भाऊ, मन्हा वावरमा कितला पानी पडना, ते दखाड ना."

"आबा, प्रश्न फार चांगला आहे," म्हणा, आणि पुढची स्लाइड लावा.