"नागरी सत्कार म्हणजे नुसती फोटोबाजी": त्या फॉरवर्डला माझं उत्तर

तो मेसेज मला गेल्या काही दिवसांत चार ग्रुपवर आला, तुम्हालाही आलाच असेल. लांबलचक आहे, सार एवढंच की नगरपालिका, महापालिका, कौन्सिल, जगातली कुठलीही घ्या, शौर्यासाठी आणि समाजसेवेसाठी नागरिकांचे जे सत्कार करतात ते सगळं नाटक असतं. सामान्य माणसाला काही मिळत नाही. ज्यांना मिळतं त्यांना पैसे, नोकरी, सवलती, म्हणजे जनतेच्या पैशाची उधळण. पदकाच्या लोभानं पोरं जीव धोक्यात घालतात. एकदा दिलेला मान परत काढता येत नाही, माणूस पुढे कसाही निघो. आणि नावं तर आधीच ठरलेली असतात. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि "सहमत असाल तर पुढे पाठवा".

मी सहमत नाही. पण सगळंच खोटं आहे असंही नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सामान्य माणसाला मिळत नाही म्हणे. 2 जानेवारी 2007, न्यूयॉर्क. वेस्ली ऑट्री नावाचा बांधकाम कामगार आपल्या दोन लहान मुलींना घेऊन सबवेच्या प्लॅटफॉर्मवर उभा होता. तिथल्या एका तरुणाला फिट आली, तो तोल जाऊन रुळांवर पडला आणि बोगद्यातून गाडी येताना दिसायला लागली. ऑट्रीनं खाली उडी मारली, त्याला वर खेचायला वेळ नाही हे लक्षात आल्यावर दोन रुळांमधल्या खोलगट जागेत त्याला दाबून धरलं आणि स्वतः त्याच्या अंगावर पालथा पडून राहिला, ब्रेक लागेपर्यंत गाडीचे डबे वरून गेले. अंतर इतकं कमी की त्याच्या टोपीला गाडीच्या खालचं ग्रीस लागलं. दोनच दिवसांनी महापौर ब्लूमबर्गनी त्याला ब्राँझ मेडॅलियन दिलं, न्यूयॉर्क शहराचा सगळ्यात मोठा नागरी सन्मान. कुणाचा मेव्हणा नव्हता तो.

मामुदू गसामा तर त्याहून पुढचं उदाहरण. मे 2018 मध्ये पॅरिसमध्ये चार वर्षांचं एक पोर बाल्कनीला लटकलेलं दिसलं आणि हा 22 वर्षांचा मुलगा एकेक बाल्कनी पकडत चौथ्या मजल्यावर चढून गेला, तो व्हिडिओ तुम्ही बघितलाच असणार. आफ्रिकेतल्या मालीहून आलेला, हातात कागदपत्रं नाहीत, मतदार यादीत नाव असायचा प्रश्नच नाही. पॅरिस शहरानं त्याला आपलं मोठं पदक दिलं, ग्राँ व्हर्मेय. नागरिकत्व मिळालं ते फ्रान्सच्या सरकारकडून, शहराकडून नव्हे, आणि हा फरक लक्षात ठेवा कारण पुढच्या मुद्द्यात सगळा घोळ तिथेच झालाय.

पैसे, नोकरी, सवलती. मेसेजवाल्यानं शासनाची पदकं आणि गावाचा सत्कार एकाच पोत्यात भरलेत. आपलं जीवन रक्षा पदक घ्या, 1961 पासून आहे, केंद्र सरकारचं आहे, त्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्यासोबत रोख रक्कम असते. स्थानिक संस्थेचा सत्कार म्हणजे बहुतेक ठिकाणी एक मानपत्र, एखादं पदक, सभागृहात टाळ्या आणि इतिवृत्तात एक ठराव. इंग्लंडमध्ये तर कौन्सिलनं किती खर्च करावा याचा उल्लेख 1972 च्या स्थानिक शासन कायद्यातच आहे, मानपत्र आणि ते ठेवायची पेटी यासाठी "वाजवी" रक्कम. पेटी! एवढीच काय ती उधळण. आणि अमेरिकेत सन्मान म्हणून शहराची किल्ली देतात तिनं तर कुठलंच कुलूप उघडत नाही.

पैसे का नसतात याचीही एक गंमत आहे. 1774 मध्ये लंडनमध्ये रॉयल ह्युमेन सोसायटी निघाली, बुडालेल्यांना वाचवायचा प्रयत्न करणाऱ्याला रोख बक्षीस. मग काय, लंडनच्या बिलंदर लोकांनी जोड्या जमवल्या, एकानं बुडायचं नाटक करायचं, दुसऱ्यानं वाचवायचं, आणि पैसे वाटून घ्यायचे. हळूहळू सोसायटीनं रोख बंद करून पदकं आणि प्रशस्तिपत्रं द्यायला सुरुवात केली. म्हणजे मेसेजमध्ये जी भीती घातलीय ती अडीचशे वर्षांपूर्वीच लोकांनी अनुभवली आणि त्यावर उपाय म्हणून तर हा "नुसता कागद" आला.

आता पदकाच्या लोभानं जीव धोक्यात घालतात हा मुद्दा, जो मला खरं सांगायचं तर थोडा रागच आणणारा वाटला. अमेरिकेत दुसऱ्याचा जीव वाचवायला स्वतःचा धोक्यात घालणाऱ्यांना पदक देणारा कार्नेगी हिरो फंड आहे, 1904 साली हार्विकच्या खाणीत स्फोट होऊन 181 माणसं गेली, त्यात वाचवायला खाली उतरलेले दोघं होते, त्यानंतर काही महिन्यांतच तो सुरू झाला. त्यांनी आजवर दहा हजारांहून जास्त पदकं दिलीत आणि साधारण पाचातलं एक मरणोत्तर आहे. ज्याला पदक हवंय तो असा हिशोब करेल का? शिवाय 2014 मध्ये डेव्हिड रँड आणि झिव्ह एपस्टाईन या दोन संशोधकांनी याच फंडाच्या 51 पदकविजेत्यांनी आधी दिलेल्या मुलाखती तपासल्या, उडी मारायच्या आधी ही माणसं विचार करत होती का एवढंच बघायला. बहुतेकांचं वर्णन एकच, आधी कृती झाली, विचार नंतर आला. ज्या क्षणी विचारच होत नाही त्या क्षणी पदक कुठून आठवणार हो.

हां, एक गोष्ट मान्य. पोहता न येणाऱ्यानं पाण्यात उडी मारली आणि आपण त्याचं नुसतं कौतुक केलं, दोरी टाकणाऱ्याचं, मदतीला फोन करणाऱ्याचं केलंच नाही, तर चुकीचा धडा जातो हे खरंय. त्यावर उपाय म्हणजे दोरी टाकणाऱ्यालाही बोलवा, सत्कार बंद करा हा नाही.

मान परत काढता येत नाही, हे सरळ चूक. ऑक्सफर्डनं 1997 मध्ये म्यानमारच्या नेत्या आंग सान सू की यांना दिलेला शहराचा सन्मान नोव्हेंबर 2017 मध्ये, रोहिंग्यांचे हाल सुरू असताना त्या गप्प राहिल्या म्हणून, काढून घेतला. डिसेंबरात डब्लिननं काढला, पुढच्या वर्षी एडिनबरानं. डब्लिनमध्ये तर आयरिश गायक बॉब गेल्डॉफनं सू कींच्या यादीत मला राहायचं नाही म्हणून आपला सन्मान आधीच परत नेऊन दिला होता. संपला विषय.

राहिला शेवटचा, नावं आधीच ठरलेली असतात. इथे मेसेजला मी अर्धे मार्क देतो. 1980 मध्ये डेट्रॉइट शहराची किल्ली सद्दाम हुसेनला मिळाली होती, होय तोच, तिथल्या एका चर्चला मोठी देणगी दिली म्हणून. म्हणजे असं घडतं. नगरसेवक आपली माणसं पुढे करतात, कधी कधी व्यासपीठावर सत्कारमूर्तींपेक्षा सत्कार करणारेच जास्त दिसतात, फोटोत तर सत्कारमूर्ती शोधावा लागतो. ही चीड मला कळते. इंग्लंडमध्ये म्हणूनच कुणाला मानद फ्रीमन, म्हणजे शहराचा मानद नागरिक, करायचं तर खास सभा बोलावून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात, एका गटाला मनमानी करता येऊ नये म्हणून.

पण नावं "ठरतात" कशी हे मेसेज लिहिणाऱ्यानं कधी बघितलंय का? बहुतेक ठिकाणी लोकांकडून शिफारसी मागवतात. ऑस्ट्रेलियात गावोगावच्या कौन्सिलचे वर्षाचे नागरिक असेच निवडले जातात. शिफारस आली नाही तर समितीपुढे तीच नावं येणार जी कुणीतरी मुद्दाम आणून ठेवलीत. रिकामं टेबल आपण ठेवतो आणि मग त्यावर कुणी आपला माणूस बसवला म्हणून बोंबलतो.

मी एकदा असा शिफारशीचा अर्ज भरलाय, म्हणून सांगतो. एक काकू, आठवड्यातून दोनदा स्वतःच्या स्कूटरवरून डायलिसिसच्या पेशंटना दवाखान्यात नेऊन आणायच्या, घरात कुणी नाही अशा लोकांना. मी अर्जात ठोकून दिलं, "गोरगरिबांना निःस्वार्थ भावनेने सदैव मदत करतात". चार दिवसांनी तिथल्या क्लार्कचा फोन, साहेब, मदत म्हणजे नेमकं काय करतात ते लिहा, असे तीस अर्ज आलेत आणि सगळ्यांत सदैव आणि निःस्वार्थच आहे. लाजच वाटली. मग काकूंकडे गेलो. त्या तयारच नव्हत्या, माझं नाव कशाला, दुसरं कुणी नाही का. शेवटी एक जुनी वही काढली, पेट्रोलचा हिशोब लिहिलेली, त्यात प्रत्येक मंगळवार आणि शुक्रवार, कुणाला नेलं, किती वाजता सोडलं, कोण "आता येणार नाही" तेही. त्या नावांपुढे नुसती एक आडवी रेघ होती. मी वही बघत बसलो आणि काकू चहा ठेवायला आत गेल्या, दोघंही काही बोललो नाही.

त्या वर्षी त्यांची निवड झाली नाही, दुसऱ्या एका बाईंची झाली, आणि त्यांचं काम वाचल्यावर मला वाद घालावासा वाटला नाही. पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज भरला, यावेळी वहीवरून, तारखांसकट. सही करायच्या आधी काकूंना वाचून दाखवला. अकरा वर्षं हे काम करतायत असं लिहिलं होतं, तिथे त्यांनी थांबवलं.

"अकरा नाही रे. मधे एक वर्ष माझा पाय मोडला होता. दहा लिही."